भरल्या तोंडाची शपथ

त्या राज्यात नदीवर सगळ्यांचं प्रेम होतं आणि नदीत पाणी नव्हतं.

या दोन गोष्टी शेजारी शेजारी कशा नांदत होत्या, याचं तिथल्या कुणाला नवल वाटत नसे. लेकींची नावं नदीवरून ठेवत. एखाद्याला फार चांगलं म्हणायचं असलं की 'नदीकाठचा आहे' म्हणत. पाऊस संपून दोन महिने झाले की पात्रात वाळू उघडी पडे, आणि सगळे त्या वाळूकडे बघून हळहळत. हळहळण्यात कुणी कमी पडत नसे.

नदी का आटते, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. डोंगरमाथ्यावर गव्यांचे कळप गवत मुळासकट ओरबाडत. त्यामुळे पावसात माती सुटून खाली येई आणि सातही झऱ्यांच्या तोंडांत जाऊन बसे. उतारावरची रोपं वानरं शेंड्यापासून सोलत. नदीकाठच्या थडीची माती रानडुकरं कंदांसाठी उकरत. खाली सपाटीवर म्हशी उरल्यासुरल्या डबक्यांत लोळून त्यांचा चिखल करत. प्रत्येकाला दुसऱ्याचं काय चुकतंय ते लख्ख दिसे. स्वतःचं विचारलं, तर पोट कुणाला चुकलंय, एवढंच उत्तर मिळे.

साळुंकी ही त्या राज्यातली बोलकी, धावपळ करणारी बाई. कुणाची अंडी फुटली, कुणाचं कुणाशी बिनसलं, हे तिला सगळ्यांच्या आधी कळे. मन मात्र तिचं चांगलं होतं आणि नदीसाठी काहीतरी करावं असं तिला खरोखर वाटत होतं. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे जे झालं त्यावरून तसं वाटायचं नाही. तिनेच माथ्यापासून सपाटीपर्यंत दारोदार फिरून थडीमंडळ उभं केलं. गवा अध्यक्ष झाला, कारण तो समोर उभा राहिला की बाकीचे आपोआप गप्प होत. साळुंकी चिटणीस झाली, कारण दुसरं कुणी तयार नव्हतं.

पहिल्याच बैठकीत सगळं ठरलं. सात झऱ्यांची तोंडं मोकळी करायची, माथ्यावरचं गवत दोन पावसाळे राखायचं, थडी उकरायची नाही. काम काही डोंगराएवढं नव्हतं. सगळ्यांनी मिळून आठ दिवस खुरांनी, सुळ्यांनी, हातांनी माती ओढली असती तर झरे वाहते झाले असते. यावर कुणाचं दुमतही नव्हतं. फक्त आधी शपथ व्हायला हवी होती.

मिळून करायचं कुठलंही काम त्या राज्यात शपथेवाचून सुरू होत नसे. नदीच्या वळणावर एक रुंद काळा कातळ होता. शपथ घेणाऱ्याने नदीतून तोंडभर पाणी घ्यायचं, ते न सांडता, न गिळता कातळापर्यंत यायचं, शपथेचे शब्द ऐकून मान हलवायची आणि पाणी कातळावर सोडायचं. तोंडं भरलेली, म्हणून शब्द चिटणिसाने म्हणायचे. चिटणिसाची स्वतःची पाळी इतर सगळ्यांनंतर. पाणी मात्र तोंडभरच हवं. अर्ध्या तोंडाची शपथ हा तिथे मोठा कमीपणा होता. कुणी दिलेला शब्द मोडला की त्याला 'अर्ध्या तोंडाचा' म्हणत आणि त्याच्या घरी सोयरीक करत नसत. शिवाय मंडळातला एकही जण राहिला तर कुणाचीच शपथ धरली जात नसे.

कातळाच्या मधोमध जुन्या पिढ्यांनी एक पन्हळ कोरून ठेवली होती. सोडलेलं पाणी त्या पन्हळीतून घरंगळत पुन्हा नदीला मिळे. तेव्हा नदी कातळाला घासून वाहत होती. आता ती आटत आटत पार पलीकडच्या काठाला गेली होती, आणि पन्हळ तापलेल्या वाळूवर उघडत होती. शपथेचे नियम सगळ्यांना तोंडपाठ होते. पन्हळ कशासाठी आहे, हे कुणी विचारलं नाही.

पहिली तारीख हिवाळ्याच्या तोंडावर ठरली. त्या दिवशी रानडुकरं आली नाहीत. त्यांच्यात लग्न होतं. दुसऱ्या तारखेला गवेच आले नाहीत, कारण पलीकडच्या खोऱ्यात कोवळं गवत फुटल्याची खबर होती. तिसऱ्या वेळी झाडून सगळे आले, पण कातळावर आधी कुणी चढायचं यावरून म्हशींचं आणि वानरांचं वाजलं आणि दोघंही निघून गेले. चौथ्या वेळी एकटा खेकडा नव्हता. चौकशी केली तेव्हा कळलं, तो वर पहिल्या झऱ्यापाशी आहे आणि नांग्यांनी माती काढतोय. शपथ न घेता काम सुरू करणं हा मंडळाचा अपमान आहे, असा ठराव त्या दिवशी एकमताने झाला. कामाला एकही हात लागला नव्हता आणि ठरावाला सगळे लागले.

प्रत्येक तारखेला पाणी आधीपेक्षा कमी असे. पाचवी तारीख ठरली तेव्हा उन्हाळा भर माथ्यावर होता आणि सगळ्या नदीत मिळून एक डोह उरला होता. दोन म्हशी शेजारी शेजारी बसतील एवढा, आणि त्या उभ्या राहिल्या तर गुडघेही बुडणार नाहीत इतका उथळ. त्यात मरळ राहत होती.

मरळीला हवा घ्यायला अधूनमधून वर यावं लागतं, त्यामुळे पाण्यातल्यांपैकी तिचंच कोरड्यावरच्यांशी बोलणंचालणं होतं. मंडळातही माशांच्या वतीने तीच होती. त्या दिवसांत तिची पिल्लं नुकतीच अंड्यातून निघाली होती. लाल, दोऱ्याच्या तुकड्यांएवढी, शेकड्यांनी. ती सगळी एकत्र, आईच्या डोक्यावर लाल ढग असावा तशी हिंडत.

साळुंकी काठावर येऊन बसली. "मरळबाई, परवा शपथ बरं का. या खेपेला नक्की. सगळ्यांकडून शब्द घेऊन आलेय मी."

"बरं झालं बाई," मरळ म्हणाली. "पर पाणी कुठनं घेणार?"

साळुंकी डोहाकडे बघत राहिली.

"हितनं?"

"दुसरीकडे कुठं उरलंय सांगा. आणि शपथेला नदीचंच लागतं."

मरळीने डोहात एक फेरी मारली. लाल ढग तिच्यामागून गेला आणि परत आला.

"किती जणं येणार?"

"सव्वाशे तरी. इतके कधी जमले नव्हते हो!" साळुंकीला तो आकडा सांगताना अभिमान वाटला. एवढ्या दिवसांची तिची पायपीट त्या आकड्यात होती.

"माझं काय न्हाई साळुताई. मी चिखलात बी हवा खाऊन जगंन. पर ह्यांना अजून हवा घ्याया येत न्हाई. आठ-धा दिस पाणी मिळालं की शिकतील, मग माझी बी काळजी मिटंल. तवर एवढंच हाय आमचं."

"मी सांगते ना सगळ्यांना. सुरू व्हायच्या आधीच सांगते, नुसतं तोंड ओलं करा म्हणून. शब्द मीच म्हणणार, मी आहेच तिथं."

"सांगशील न्हवं?"

"सांगेन. माझ्यावर सोडा."

"मग न्या," मरळ म्हणाली. "आमच्यासाठीच तर चाललंय समदं."

तिथून साळुंकी उडाली ती डोंगरावर, खेकड्याला आणायला. पहिल्या झऱ्याच्या तोंडाशी माती, मुळ्या आणि गोटे यांचा ढीग पडला होता, आणि खेकडा बिळात अर्धा आत होता. ढिगातली वरची माती वाळलेली होती, पण शेवटी काढलेली ओली होती.

"खेकडदादा, परवा खाली चला. सव्वाशे जण येतायत, तुमच्यावाचून अडलंय."

"माझ्यावाचून काय अडतंय? माती बघ हात लावून. थंड हाय. चार दिसांत पाझर फुटतोय. पाणी खाली येऊ दे, मग घिऊ की शपथ. दोनदा घिऊ."

"चार दिवस कोण थांबतंय हो! गवे परत पलीकडे जातील. मग पुढचं वर्ष उजाडेल."

"सव्वाशे हायत न्हवं तुझी? त्यातली धा वर पाठव. चार दिसांचं काम उद्या सांजेपत्तूर हुतंय."

"शपथेच्या आधी कशी येतील?" साळुंकीने विचारलं. तिला तो प्रश्न अगदी रास्त वाटला.

खेकड्याने नांग्या झटकल्या. ठरावाचं त्याच्या मनाला लागलं होतं. सगळ्यांनी मिळून आपल्याला वाळीत टाकावं, असं कुणालाच आवडत नाही. दुसऱ्या दिवशी तो काम अर्धवट टाकून डोंगर उतरू लागला.

शपथेचा दिवस भर उन्हाचा निघाला. वानरांनी समारंभ म्हणून लाल फुलांचा चुरा कातळावर पसरला होता. गव्यांचा कळप आला, म्हशी आल्या, रानडुकरं लेकुरवाळ्यांसकट आली. गव्याने भाषण केलं. एवढे सगळे एका कामासाठी एकत्र येणं हीच नदीची खरी सेवा आहे, असं तो म्हणाला, आणि ऐकताना कित्येकांचा ऊर भरून आला. साळुंकीचाही आला.

मग ती कातळाच्या टोकावर उभी राहिली. "सुरू करण्याआधी एक विनंती आहे. पाण्याविषयी."

गर्दीत चुळबुळ झाली. "आता काय आणखी? परत पुढं ढकलताय काय?" एक रानडुक्कर ओरडलं. मागच्या बाजूचे दोन गवे माथ्याकडे वळलेसुद्धा. अध्यक्षाने मान उंच करून साळुंकीकडे पाहिलं. अर्ध्या तोंडाने शपथ घ्या, हे सव्वाशे जणांच्या तोंडावर सांगायचं होतं.

"पाणी जरा जपून आणा," साळुंकी म्हणाली. "सांडू नका."

सांगायचं होतं ते हे नव्हतं. पण तोंडातून बाहेर पडलं ते हेच, आणि सगळ्यांनी खुशीत माना डोलावल्या.

पहिला मान गव्याचा. त्याने डोहात तोंड बुडवलं आणि गाल फुगेपर्यंत पाणी भरून घेतलं. जिभेखाली काहीतरी वळवळलं, गुदगुली झाली. शेवाळ असेल म्हणून त्याने तिकडे लक्ष दिलं नाही. तो कातळाशी आला. "या नदीला मी माझ्या जिवाप्रमाणे जपेन," साळुंकीने म्हटलं. गव्याने मान हलवली आणि पाणी सोडलं. ते पन्हळीतून गेलं, वाळूवर पडलं आणि जिरलं.

त्याच्यामागून त्याचा कळप. मग म्हशी. पहिल्या म्हशीने गव्यापेक्षा थोडं जास्तच घेतलं, ओठांतून पाणी ठिबकेपर्यंत. मग दुसरीला कमी घेऊन कसं चालेल? जो तो पुढच्याकडे बघून आपलं प्रेम मापत होता. डोहाच्या कडेला ओल्या चिखलाचा पट्टा दिसू लागला आणि तो रुंद होत गेला.

मरळ मधेच वर आली. तिने कातळाकडे पाहिलं. साळुंकीची आणि तिची नजरानजर झाली. ती ओरडली नाही. पाहुणे पंगतीला बसलेले असताना भात संपत आलाय हे सांगायची घरच्या बाईला लाज वाटते, तशी तिला वाटली. एवढे मोठमोठे सगळे उन्हातान्हात तिच्या नदीसाठी आले होते. ती खाली गेली आणि उरल्या पाण्यात पिल्लांना पोटाशी घेऊन राहिली.

साळुंकीने ते पाहिलं. म्हशींचं झालं की सांगू, असं तिने मनाशी ठरवलं. म्हशींचं झालं, मग वाटलं, आता डुकरांनाच कसं कमी घ्यायला सांगायचं, ती चिडतील. डुकरांचं होऊ दे. डुकरांचं झालं तेव्हा वानरं रांगेत उभी होती. थांबा, एवढाच शब्द होता. तो म्हणायला वेळही भरपूर होता, कारण येणाऱ्या प्रत्येकापुढे ती बोलतच होती. त्या दिवशी साऱ्या थडीवर एकट्या तिचंच तोंड रिकामं होतं. आणि त्या रिकाम्या तोंडाने ती दर खेपेला म्हणत होती, या नदीला मी माझ्या जिवाप्रमाणे जपेन.

खेकडा आला तेव्हा पाणी चिखलाच्या खळग्यात आलं होतं. त्याचं तोंड केवढंसं; तरी त्यानेही भरून घेतलं. पाणी सोडून झाल्यावर त्याने एकदा डोहाकडे आणि एकदा साळुंकीकडे पाहिलं. मग आभाराला न थांबता तो डोंगराच्या वाटेला लागला. हा खेकडा शेवटपर्यंत चारचौघांत बसायचा नाही, असं कुणीतरी म्हणालं आणि दोघं-तिघं हसले.

राहिली साळुंकी. चिटणिसाची शपथ झाली नाही तर सगळ्यांचीच वाया जाणार होती. ती खळग्यापाशी उतरली. तळहाताएवढं पाणी होतं, गढूळ आणि कोमट. तिने चोच भरली, कातळावर गेली, स्वतःचे शब्द मनातल्या मनात म्हटले आणि पाणी सोडलं. तिच्या थेंबाबरोबर एक लाल दोरा कातळावर पडला. तो दोनदा वळवळला आणि थांबला.

तेव्हा तिने कातळ नीट पाहिला. मघापासून तिला जो फुलांचा चुरा वाटत होता, त्यातली निम्मी फुलं नव्हती. पन्हळीत, काठांवर, खाली वाळूत, जागोजागी लाल दोरे वाळत होते. साळुंकीच्या अंगावरची पिसं उभी राहिली. कुठेतरी तोंड लपवावं असं तिला झालं, पण सगळे तिच्याकडेच बघत होते, कारण आभारप्रदर्शन चिटणिसाकडे असतं.

सांगायलाही लाज वाटते, पण तिने ते केलं. अध्यक्षांचे आभार मानले. दूरवरून आलेल्या कळपांचे मानले. सजावटीबद्दल वानरांचे मानले. एकाचं नाव राहायला नको म्हणून ती एकेकाचं घेत गेली. बोलत राहिलं तोवर खाली बघावं लागत नव्हतं. "आणि ज्यांच्या सहकार्यावाचून आजचा दिवस उगवलाच नसता," ती शेवटी म्हणाली, "त्या आपल्या मरळबाई." टाळ्या झाल्या, खुरांनी जमीन दणाणली. डोहाकडे कुणी पाहिलं नाही.

मंडळी हलणार, तेवढ्यात गव्याने थांबवलं. नियमाला तो पक्का होता.

"चिटणीसबाई, मरळबाईंची शपथ राहिली. त्या मंडळात आहेत. त्यांची झाल्याशिवाय आपली धरली जायची नाही." आणि डोहाकडे वळून तो आदबीने म्हणाला, "या मरळबाई. तोंडभर घ्या."

सगळे वळले. जिथे डोह होता तिथे चकाकणारा चिखल होता. त्याच्या मधोमध मरळ आडवी पडली होती. ती जिवंत होती. तिचं तोंड उघडत होतं, मिटत होतं, उघडत होतं. तिच्या अंगाखालचा चिखल थोडा लाल होता.

"घेते की," मरळ म्हणाली. "कशाचं घिऊ?"

तिच्या आवाजात राग नव्हता. रागावली असती तर बरं झालं असतं. कुणीतरी उलट बोललं असतं, कुणीतरी साळुंकीकडे बोट दाखवलं असतं, आणि सगळे घरी गेले असते. गव्याला जिभेखालची गुदगुली आठवली. त्याने जीभ गालात फिरवली आणि तिथेच थांबवली. पहिल्या म्हशीने हळूच तोंड वाळूत पुसलं. रानडुकरांच्या बायकांनी आपापली पिल्लं पायाशी ओढून घेतली आणि मग, मरळीला ती दिसू नयेत म्हणून, मागे लपवली. "मी सांगणार होते," साळुंकी म्हणाली. ते कुणाला ऐकू गेलं नाही, आणि गेलं नाही याचं तिला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून आणखी लाज वाटली.

खेकडा गेला होता त्या डोंगराच्या वाटेवर गोट्यावर गोटा पडल्याचा बारीक आवाज येत होता.

मग गवा पुढे झाला. डोहाच्या काठाशी गुडघे टेकून त्याने मरळीच्या वर तोंड धरलं. हनुवटीच्या केसांत एखादा थेंब राहिला असेल तर तो तरी पडावा म्हणून तो तसाच थांबला. पण आभारप्रदर्शन लांबलं होतं आणि ऊन कडक होतं. काही पडलं नाही. तो बाजूला झाला तेव्हा त्याच्यामागे म्हैस उभी होती. तिच्यामागे तिची बहीण. मग रानडुकरं, मग वानरं, मघाशी ज्या क्रमाने आले होते त्याच क्रमाने. एकेक जण खाली मान घालून येई, कोरडं तोंड चिखलावर धरी, थोडा थांबे आणि पुढच्याला जागा देई. रांग कातळाला वळसा घालून पार वाळूपर्यंत गेली होती. दुरून बघणाऱ्याला शपथ अजून चालूच आहे, असं वाटलं असतं.